पन्नाशीची कलचाचणी

दहावीच्या मुलाला आपल्याकडे सगळे विचारतात. आत्या विचारते, शेजारचे काका विचारतात, क्लासचे सर विचारतात: पुढे काय करायचं ठरवलंयस? २०१६ साली तर राज्याच्या शिक्षण मंडळानेच हा प्रश्न हाती घेतला आणि श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात स्टेशनाबाहेरच्या रस्त्यांवर कल तपासून देणाऱ्या पाट्या शिकवण्यांच्या पाट्यांना खेटून लागलेल्या असतात. ठाण्यातून सुरू झालेला ‘वेध’ हा उपक्रम नव्वदच्या दशकापासून वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसं मुलांसमोर आणून बसवतो. हे सगळं व्हायलाच हवं. पण ‘वेध’च्या सभागृहात मुलाला घेऊन आलेले वडील मागच्या खुर्चीत बसलेले असतात. वय एकोणपन्नास किंवा पन्नास. कंपनीने दुसऱ्या कंपनीत विलीन व्हायचं ठरवलेलं असतं, आई अंथरुणाला खिळलेली असते, इतकी वर्षं ज्या कामावर जीव लावला त्याची कोणाला गरज उरलेली नसते. आपण कोण आणि आता कुणीकडे निघालो, हा प्रश्न त्या खुर्चीत मुलाच्या प्रश्नापेक्षा कमी टोकदार नसतो. त्यांना तो कोणी विचारत नाही. त्यांचं ठरून गेलेलं आहे, असं आपण सगळे धरून चालतो.

हे धरून चालणं मानसशास्त्रातही दीर्घकाळ होतं. ‘आयडेंटिटी’ हा शब्द ज्यांच्यामुळे घराघरांत पोचला त्या एरिक एरिक्सन यांनी १९५० साली आयुष्याचे आठ टप्पे मांडले, आणि ‘मी कोण’ हा झगडा पौगंडावस्थेच्या खात्यात टाकला. प्रौढाच्या वाट्याला पुढच्या पिढीचं संगोपन आलं. त्यात साधलं तर आयुष्य फळतं, न साधलं तर साचतं, असं त्यांचं म्हणणं. सिद्धान्त म्हणून हे सुबक आहे. पण एरिक्सन यांचं स्वतःचं आयुष्य त्यात मावत नाही. १९०२ साली फ्रँकफर्टमध्ये जन्मलेल्या या माणसाला आपला जन्मदाता कोण हे कधीच कळलं नाही. सावत्र वडिलांचं होम्बुर्गर हे आडनाव लावून तो वाढला. १९३९ साली अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने ‘एरिक्सन’ हे आडनाव स्वतःच घेतलं. एरिक्सन म्हणजे एरिकचा मुलगा. तेव्हा त्याचं वय सदतीस होतं.

पुढे हाच माणूस साठच्या दशकात अहमदाबादला आला आणि गांधीजींच्या मागे लागला. त्याने अभ्यासाला कोणता प्रसंग निवडला हे पाहण्यासारखं आहे. दक्षिण आफ्रिकेत गाडीतून उतरवल्यावरची ती रेल्वेस्टेशनवरची रात्र त्याने केंद्रस्थानी ठेवली नाही. त्याने निवडला १९१८ चा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा लढा, जेव्हा गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या लढ्यावरचं त्याचं पुस्तक १९६९ साली आलं, दुसऱ्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी माणूस स्वतःला नव्याने घडवत असतो, हे त्या पुस्तकाच्या पानापानांतून दिसतं. आपल्याकडे अठ्ठेचाळीसाव्या वर्षी माणूस स्वेच्छानिवृत्तीचा हिशेब मांडायला बसतो.

अहमदाबादेतच एरिक्सन यांना भेटलेल्या सुधीर कक्कर यांनी १९६८ साली त्यांचे आठ टप्पे आपल्या आश्रमव्यवस्थेशेजारी ठेवून पाहिले. आश्रमव्यवस्थेत एक गोष्ट गृहीतच धरलेली आहे: माणूस एकदाच ठरत नाही, गृहस्थाला पुढे पुन्हा निघायचं असतं. ती व्यवस्था सगळ्या माणसांसाठी नव्हती. स्त्रियांसाठी नव्हती आणि बहुसंख्य जातींसाठीही नव्हती, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण मधल्या वयात पुन्हा एकदा निघायचं असतं ही जाण तिच्यात होती, आणि नोकरीच्या शहरांनी ती घालवली.

आता मोजमापाकडे येतो. ओळख मोजण्याचं सर्वांत गाजलेलं साधन १९६६ सालचं आहे. जेम्स मार्शिया यांनी कॉलेजातल्या ८६ मुलांच्या मुलाखती घेतल्या. सगळे मुलगेच. विषय ठरलेले: व्यवसाय, धर्म, राजकारण. प्रत्येक विषयात दोन गोष्टी तपासायच्या. पर्याय धुंडाळताना माणूस कधी अडखळला होता का, आणि आता कुठे पाय रोवून उभा आहे का. यातून चार खाती पडतात. धुंडाळून रोवलेला, अजून धुंडाळणारा, न धुंडाळताच घरच्यांनी दाखवलेल्या जागी रोवलेला, आणि ना धुंडाळलेला ना रोवलेला. मुलाखतीतला एक प्रश्न साधारण असा होता: यापेक्षा चांगलं काही समोर आलं, तर हे सोडायला तुम्ही कितपत तयार असाल? मुलींचा अभ्यास करायची वेळ आली तेव्हा या विषयांत विवाहापूर्वीच्या संबंधांविषयीच्या मतांची भर घालण्यात आली. मुलीची ओळख व्यवसायावरून आणि राजकारणावरून मोजता येईल याची संशोधकांना खात्री वाटली नसावी, आणि त्या काळाविषयी ही गोष्ट बरंच काही सांगते.

या चार खात्यांतलं तिसरं खातं मला नेहमी अडवतं. घरच्यांनी दाखवलेल्या जागी रोवलेला माणूस हा मार्शियांच्या मांडणीत कमी प्रतीचा ठरतो. त्याने स्वतः शोधलं नाही, म्हणून. पण कल्याण-डोंबिवलीची एक अख्खी पिढी याच खात्यात बसते. वडिलांनी सांगितलं आयटीआय कर, केला. मामाने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून दिला, भरला. काकांनी एलआयसीत चिकटवलं. पर्याय धुंडाळण्याचं स्वातंत्र्य ज्याच्या घरी दोन पगार होते त्याला. ज्याच्या घरी धाकट्या बहिणीचं लग्न आणि गावच्या घराचं कर्ज होतं, त्याने पहिली नोकरी मिळताच घट्ट धरली. त्याला उथळ कसं म्हणायचं? त्या नोकरीत पंचवीस वर्षं काढताना तो तिच्यात खोल उतरलेला असतो. लेथवर बसणाऱ्याला आवाजावरून कळतं, टूल बोथट झालंय. बँकेतल्या कारकुनाला सहीच्या कंपावरून कळतं, खातेदार आजारी आहे. शोध त्यानेही घेतलेला असतो, फक्त तो आडवा पसरलेला नसून उभा खोल गेलेला असतो.

पुढच्या संशोधकांना हे दिसलं ही समाधानाची गोष्ट. बेल्जियमचे कून लाइक्स आणि नेदरलँड्समधले मेउस आणि क्रोचेत्ती यांनी या शतकात मार्शियांची मोजपट्टी सुधारली. अनेक वाटा चाचपून पाहणं वेगळं आणि धरलेल्या वाटेचा तळ शोधणं वेगळं, असं त्यांनी मानलं. निवड करणं वेगळं आणि केलेल्या निवडीशी एकरूप होणं वेगळं, हेही लाइक्स यांनी स्वतंत्र मोजलं. या सुधारलेल्या पट्टीवर आयटीआयवाला फिटर कमी भरणार नाही. फक्त ही मोजणीही बहुतेक वेळा तरुणांचीच होते, कारण कॉलेजातली मुलं संशोधकाच्या हाताशी असतात.

प्रौढांना दशकानुदशकं धरून बसलेले अभ्यास थोडे आहेत, पण आहेत त्यांनी जुना समज मोडला. फिनलंडमध्ये युवास्क्युला इथे १९६८ साली शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू झाला, आणि तीच माणसं सत्तावीस, छत्तीस, बेचाळीस आणि पन्नास वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठून त्यांना त्यांच्या ओळखीविषयी विचारलं गेलं. एकच माणूस सगळ्या विषयांत एकाच खात्यात सापडणं दुर्मीळ, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. नोकरीत पाय रोवलेला माणूस धर्माच्या बाबतीत अजून चाचपडत असतो आणि राजकारणाच्या बाबतीत त्याने कधी विचारच केलेला नसतो. कॅलिफोर्नियात रॅव्हेना हेल्सन यांनी मिल्स कॉलेजातून १९५८ आणि १९६० साली बाहेर पडलेल्या शंभरावर स्त्रियांचा मागोवा त्यांच्या म्हातारपणापर्यंत घेतला. त्या पन्नाशीत आल्या तेव्हा ‘मी कोण आहे’ याविषयीची त्यांची खात्री तिशीतल्यापेक्षा वाढलेली होती. आणि २०१० साली मार्शिया आणि सहकाऱ्यांनी शंभरावर अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ऐन तारुण्य सरत आलेल्यांतही ‘शोधून रोवलेल्या’ खात्यात न पोचलेल्यांचा वाटा मोठा निघाला. ज्याला आपण ठरून गेलेला समजतो, त्या माणसाचं बहुधा ठरलेलं नसतंच.

आपल्या या ठाणे-कल्याण पट्ट्यात तर ते ठरणं आणखी अवघड आहे, आणि त्याला कारण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हापासून हळूहळू इथे एक नवा माणूस तयार झाला, ज्याचं घर एका गावात आणि नाव दुसऱ्या गावात. त्याला ओळखणारी माणसं फोर्टात, नरिमन पॉइंटला, अंधेरीला. ज्या इमारतीत तो झोपतो तिथले शेजारी त्याला रविवारपुरते ओळखतात. तुम्ही कुठले, असं त्याला विचारलं तर उत्तर तीन मजली असतं: मूळचे देवगडचे, वाढलो लालबागला, आता डोंबिवलीला. यातला मधला मजला १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने अनेकांचा ढासळला. खोली विकून किंवा भावाला देऊन कुटुंबं कल्याण-डोंबिवलीकडे सरकली. पस्तिशी-चाळिशीतला साचेवाला इथे आला आणि वॉचमन झाला, भाजी विकू लागला, कुणी एमआयडीसीत हंगामी लागला. त्याला त्या वयात कोणी समुपदेशक भेटला नाही.

इकडे कामगाराला ओळख देणारी जागा म्हणजे कंपनी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. या वसाहतीतला, पोखरण रोडवरचा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कामगार आडनावाआधी कंपनीचं नाव सांगायचा. लग्न जमवताना ‘मुलगा व्होल्टासमध्ये आहे’ एवढं पुरायचं. कल्याणजवळच्या मोहन्याला तर एनआरसी या रेयॉन कारखान्याची कॉलनीच होती. कारखान्याचा भोंगा, कॉलनीतलं घर, त्याच आवारातली शाळा. तिथे जन्मलेल्या मुलाला पत्ता सांगताना गल्ली सांगावी लागत नसे. २००९ साली ती कंपनी बंद पडली. त्याच वर्षी ठाण्यात रेमंडचा कारखानाही थांबला. देण्यांचा प्रश्न कामगार पुढे वर्षानुवर्षं लढत राहिले, आणि तो लढा पैशांचा होता हे खरंच. पण त्या माणसांचं बोलणं ऐकताना दुसरंही काही कानावर येतं. ती आजही वर्तमानकाळात बोलतात. ‘मी एनआरसीचा.’ गेट बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी वाक्यातून कंपनी गेलेली नाही.

‘याहून चांगलं मिळालं तर सोडाल का’ हा मार्शियांचा प्रश्न इथे निरर्थक ठरतो, कारण सोडण्याचा निर्णय माणसाचा नव्हताच. रोवलेल्या पायाखालून जमीनच काढून घेतली गेली, तर मोजायचं काय? माझ्या मते खरं मोजमाप इथून सुरू होतं. बाविसाव्या वर्षी कोणी किती ठामपणे सांगितलं की मी इंजिनिअर, याला मी फारसं महत्त्व देत नाही. पहिलं उत्तर हातातून गेल्यावर माणूस दुसरं उत्तर कशातून उभं करतो, आणि त्यात पहिल्या उत्तरातलं काय जपतो, ते पाहावं. मेंटेनन्समध्ये आयुष्य घालवलेला माणूस पुढे सोसायटीचा पंप, लिफ्ट, शेजारणीचा मिक्सर दुरुस्त करत राहतो आणि आवारातल्या पोरांना मीटर कसा वाचायचा ते दाखवतो. त्याचा हुद्दा गेला. त्याचं कसब आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं ही ओढ शिल्लक राहिली. एरिक्सन ज्याला प्रौढपणीचं संगोपन म्हणत होते ते हेच आहे, आणि ती ओळखीपेक्षा वेगळी गोष्ट नाही. या वयात ओळख त्याच रूपाने पुढे चालते.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली तेव्हा हा प्रश्न नोकरी असलेल्यांच्याही दारात आला. सर्वसामान्य प्रवाशाला गाडी पूर्वीसारखी मिळेपर्यंत दीड वर्षाच्या आसपास गेलं. पगार घरी येत होता, काम लॅपटॉपवर चालू होतं, तरी अनेकांना आपण अर्धे झाल्यासारखं वाटलं. डब्यातला ग्रुप, ठरलेली जागा, चौथ्या सीटवर जरा सरकून घेणारा सोबती, भजनात टाळ धरणारा हात, यांतून आपण जे कुणी होतो ते घरच्या माणसांना माहीतच नव्हतं.

बायकांची गोष्ट वेगळी आहे आणि ती नावापासून सुरू होते. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला एक मुलगी जन्मली, यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याने तिचं नाव आनंदी ठेवलं. चौदाव्या वर्षी तिचं मूल दहा दिवसांत गेलं. पुढे तिने अमेरिकेला जायचं ठरवलं, आणि जाण्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभं राहून आपण का जातो आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली आणि वर्षभरात, बावीस पुरी व्हायच्या आत, पुण्यात वारली. नवऱ्याने आग्रहाने शिकवलं म्हणून ती शिकली, हे खरं आहे. मार्शियांच्या पट्टीवर ती ‘दुसऱ्याने दाखवलेल्या जागी’ बसेल. पण ज्यांनी तिची पत्रं वाचली आहेत त्यांना दिसतं की नवऱ्याने दाखवलेली वाट चालताना ती वाट तिची झाली, आणि शेवटी तिच्यापाशी नवऱ्याला सुनावायचं धैर्यही आलं. तिचं चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. लग्नानंतर धडपडून वाचायला शिकलेल्या बाईने लिहिलेलं हे चरित्र आहे. यमुना, आनंदी, डॉक्टर आनंदीबाई: पन्नाशीत ती स्वतःला काय म्हणवून घेती, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आज पन्नाशीत असलेल्या डोंबिवलीतल्या कितीतरी बायकांची दोन नावं आहेत. एक तांदळात बोटाने लिहिलेलं, दुसरं माहेरी राहिलेलं. आई गेली की ते दुसरं नाव उच्चारणारं माणूस उरत नाही. ११ मार्च २०२४ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लागेल. योगायोगाने तारीख तीच, आनंदीबाईंच्या पदवीची. चांगला निर्णय आहे, आणि मुलांच्या पिढीला त्याचा फायदा होईल. पण त्या आईचं स्वतःचं नाव, लग्नाआधीचं, तिच्या कागदपत्रांवर परत आणायचं तर तिला अजूनही प्रतिज्ञापत्र आणि गॅझेटच्या वाटेने जावं लागतं. तरी या वयातल्या बायका दुसऱ्या वाटेने परत येताना मी पाहतो. कुणी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून, जे १९८९ साली अशाच माणसांसाठी निघालं, मराठीत एम.ए. करते. कुणी सत्तेचाळीसाव्या वर्षी पेटी शिकायला लागते. गुढीपाडव्याला डोंबिवलीची शोभायात्रा निघते, १९९९ पासून निघते आहे. तिच्यात घोड्यावर, बुलेटवर, ढोल बांधून चालणाऱ्या बायकांत तरुणींइतक्याच पोक्त बायका असतात. तो उत्साह एका सकाळचा आहे असं मानणाऱ्यांनी मिल्सच्या त्या स्त्रियांचा अभ्यास आठवावा. मुलं मोठी झाल्यावर हातात आलेला वेळ हे त्यातलं एक कारण, पण सगळं कारण नव्हे. इतकी वर्षं दुसऱ्यांचं करताना आपल्याला काय जमतं याचा पुरावा जमा झालेला असतो, आणि तो आता त्या स्वतःच्या नावावर लावतात.

आता मोजणीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. सरकारही आपली ओळख मोजतं: बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, बारा आकडे. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. दर नोव्हेंबरात पेन्शनर बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात. २०१४ पासून तो बोट टेकवूनही देता येतो. आयुष्यभर यंत्रावर काम केलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. पुन्हा पुसा, पुन्हा टेकवा. त्याच्या कामानेच त्याची ओळख पुसलेली असते, आणि काउंटरपलीकडच्या कुणाचीही त्यात चूक नसते. हे मोजमाप टाळता येणार नाही, कारण त्यावर हजार-दोन हजारांचं पेन्शन अवलंबून आहे. पण ते एवढंच सांगतं की हा तोच माणूस आहे. तो कोण आहे, हे विचारणं त्या यंत्राचं काम नव्हे.

समाजाचं मोजमाप याहून कठोर. वन बीएचके की टू बीएचके, स्टेशनपासून किती लांब, मुलगा कुठल्या देशात. पन्नाशीत ही बेरीज मांडून माणूस स्वतःला एक आकडा देऊन मोकळा होतो: जमलं, किंवा नाही जमलं. इथे ठाण्याला एक जुनी शहाणीव उपलब्ध आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला विवेकनिष्ठ मानसोपचार मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करत आत्मसात केला आणि इथे रुजवला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात उभ्या केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने तो मराठी माणसाच्या बोलीत आणला. त्यातलं एक तत्त्व मला फार मोलाचं वाटतं. माणसाच्या कृतींना गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. तुम्ही एका व्यवहारात फसलात, हे खरं असू शकतं; तुम्ही फसलेला माणूस आहात, हे कधीच खरं नसतं, कारण माणूस ही अजून चालू असलेली आणि अगणित अंगांची गोष्ट आहे आणि तिची एक बेरीज होत नाही. फिनलंडच्या आकडेवारीने सांगितलं तेही हेच: एक माणूस एका खात्यात बसत नाही.

मग मोजायचंच नाही का? मोजावं, पण माणसाच्या तोंडून. डॅन मॅकॅडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ओळख मोजायला प्रश्नावली बाजूला ठेवली आणि आयुष्याची गोष्ट सांगायला सांगितलं. सगळ्यात उंच क्षण कोणता, सगळ्यात खोल कोणता, वळण कुठे आलं, पुढचा अध्याय कसा दिसतो. त्याचं म्हणणं असं की प्रौढाची ओळख म्हणजे त्याने रचलेली ही गोष्टच. आणि ज्या गोष्टींत नुकसानीतून काही उगवतं, ती सांगणारी माणसं पुढच्या पिढीसाठी जास्त झटताना त्याला आढळली.

मॅकॅडम्सना ठाऊक नसेल, पण त्यांच्या मुलाखतीचा नमुना सतराव्या शतकातला आहे आणि तो मराठीत आहे. संतांनी विचारलं म्हणून तुकोबांनी एका अभंगात आपलं आयुष्य सांगितलं. कुळ, व्यापार, आईबापांचं जाणं, दुष्काळात पैसा आणि मान दोन्ही बुडणं, अन्न अन्न करत पत्नीचं मरण, लाज, मोडकं देऊळ दुरुस्त करावंसं वाटणं, कीर्तनात उभं राहणं, स्वप्नातला उपदेश, वह्या नदीत बुडवणं. उंच, खोल, वळण, सगळं आहे. आणि सुरुवातीलाच त्यांनी म्हटलं आहे की हे स्वतःहून सांगू नये, पण तुम्ही विचारलंत. दिवाळं निघालेला वाणी हीच त्यांची शेवटची ओळख ठरू शकली असती. गावाने तोच आकडा दिला होता. कुणीतरी विचारलं आणि त्यांनी स्वतः जुळवून सांगितलं, म्हणून त्याच दिवाळ्याचा अर्थ बदलला.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली, हाच विचारणारा लेखकाने स्वतःतच उभा केला. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. गावकुसाबाहेरचा पोरगा आणि शहरातला मान्यता पावलेला कवी एकाच अंगात राहतात. त्यांतल्या एकाला घालवून दुसऱ्याची ओळख पक्की करायचा सोपा मार्ग पवारांनी नाकारला. त्यांना एकमेकांशी बोलतं केलं. प्रौढ ओळखीचं याहून प्रामाणिक मोजमाप मी मराठीत पाहिलेलं नाही.

सगळ्यांना लिहिता येणार नाही, आणि लिहिलंच पाहिजे असंही नाही. विचारणारं कुणी मात्र हवं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. या संस्थांनी आपल्या दालनात महिन्यातली एक संध्याकाळ पंचेचाळीस ते साठ वयाच्या माणसांसाठी राखून ठेवावी, जिथे भाषण नाही आणि सत्कार नाही, एकाने आपली गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. बंद पडलेल्या कंपन्यांच्या कामगारांच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायला आता फोन पुरतो. जी माणसं वागळे इस्टेटच्या पहिल्या शिफ्टला उभी होती ती आज ऐंशीच्या घरात आहेत. आणि घरात तर कुठल्याच संस्थेची वाट पाहायला नको. मुलाच्या दहावीचा निकाल लागला की त्याच्याशी बोलून झाल्यावर त्याच्या वडिलांकडे वळा, त्याच्या आईकडे वळा. नोकरी कशी चालली आहे, असं विचारू नका. त्यांना विचारा, तुमच्या आयुष्यात वळण कुठे आलं आणि आता पुढे काय करायचं मनात आहे. आणि ते बोलायला लागले की मध्ये सल्ला देऊ नका.